हळदीकुंकवातली शिरगणती

अमेरिकेतल्या आयोवा नावाच्या राज्यात माणसांपेक्षा डुकरं जास्त आहेत, हे हैदराबादेतल्या हिमायतनगरच्या मराठी मंडळींना कळलं ते आबासाहेब वकिलांच्या दिवाणखान्यात. आणि कळल्यावर सगळ्यांनी अशा माना डोलावल्या, की जणू जन्मभराचा घोर मिटला!

सांगणारा होता आबासाहेबांचा मुलगा यशवंत. दोन वर्षं तिकडे शिकून आला होता आणि येताना त्या राज्याचं एक जाडजूड पुस्तक घेऊन आला होता. घरं किती, घरात माणसं किती, कोण काय काम करतं, शिकलेले किती, गाई किती. सगळं तक्त्यांत मांडलेलं.

"कोंबड्यासुद्धा मोजल्यात, आई," तो म्हणाला. "आपणही आपल्या समाजाचं असंच चित्र काढायचं. आकडे पुढे ठेवले की सरकारचं काही चालत नाही."

दाराजवळच्या खुर्चीवर कमलबाई बसल्या होत्या. काढ बाबा, पण लवकर काढ, असं त्यांनी मनात म्हटलं. खरा घोर त्यांच्याच जिवाला होता. हैदराबाद राज्य मोडायचं ठरलं होतं. मराठवाडा मुंबईकडे जाणार, शहर तेलुगू राज्यात राहणार. आबासाहेबांच्या कमिटीची मराठी शाळा सरकारी ग्रँटवर चालायची, आणि सरकारी साहेबानं स्वच्छ सांगितलं होतं, शहरात निदान दोनशे मराठी घरं दाखवा, नाहीतर उन्हाळ्यानंतर ग्रँट बंद. त्या शाळेत बाई एकच, कमलबाई. घरात त्या आणि त्यांची म्हातारी सासू, दोघीही विधवा. शाळा गेली तर चूल विझली, इतका सरळ मामला.

"पण एवढी घरं हिंडणार कोण?" कुणीतरी विचारलं.

"हिंडायचं कशाला?" कुसुमताई म्हणाल्या. कुसुमताई म्हणजे आबासाहेबांच्या मंडळी. "संक्रांतीचं हळदीकुंकू आहे ना! सगळ्या मराठी बायका माझ्याकडेच येतात. वाण देतादेता विचारून घेते, घरात माणसं किती, मुलं किती, कोण काय करतं."

वाहवा! कमिटी खूश. अमेरिकेला जे जमायला वर्षं लागली, ते कुसुमताई तिळगुळाच्या ताटावर उरकणार होत्या.

"आणि ज्या येत नाहीत त्या?" कमलबाईंनी विचारलं.

"मराठी बाई आणि संक्रांतीला येत नाही, असं कुठे होतं का गं, कमल?" कुसुमताई अगदी मायेनं बोलल्या. त्यांच्या मनात खरंच काही वाईट नव्हतं. दुखणं होतं ते तिथेच.

हळदीकुंकू थाटात झालं. गुलाबपाणी शिंपडलं, अत्तर लावलं, बायकांनी आपापली घरं सांगितली. विधवेला हळदीकुंकवाचं बोलावणं नसतं, तेव्हा कमलबाई घरी सासूच्या पायाला तेल चोळत बसल्या होत्या. आणि एवढं सगळं करून बेरीज काय आली? चाळीसेक घरं कमी! यशवंतनं तीनतीनदा मिळवणी केली, पण घरं काही वाढेनात.

"नामपल्लीला स्टेशनामागे वस्ती आहे," कमलबाई म्हणाल्या. "सगळी मराठी घरं. नांदेड-परभणीकडची."

ती वस्ती महारांची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आबासाहेबांनी पानदान उघडलं आणि पुन्हा मिटलं. त्या वस्तीतला नागोराव, रेल्वेत नोकरीला असलेला, दोन वर्षांपूर्वी आपल्या सखूचा हात धरून शाळेत आला होता. आबासाहेबांनी 'जागा नाही' म्हणून त्याला वाटेला लावलं होतं. मागची दोन बाकं मोकळी होती. ती सखूनंही पाहिली आणि कमलबाईंनीही पाहिली. पगाराकडे बघून कमलबाई गप्प राहिल्या होत्या, आणि ते त्यांना आजवर सलत होतं.

"मग तुम्हीच जाऊन या," आबासाहेब शेवटी म्हणाले. गरज पडली की माणूस किती समंजस होतो!

कमलबाई गेल्या. नागोरावाची बायको मालनबाई अंगणात ज्वारी निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि सूप बाजूला ठेवलं.

"आता गं बया! आता मोजाया आलात? माझी सखू तेलुगू साळंत जाती. घरी येऊन मला तेलुगूत पाणी मागती. तवा आमी मराठी नव्हतो, आन् आता झालो व्हय?"

कमलबाईंना तोंड वर करवेना. "चुकलंच," त्या म्हणाल्या.

"मोजलेली लेकरं साळंत बसतील का? तेवढं सांगा."

"बसतील. मी शब्द देते."

मालनबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. नागोराव उठला, पायात चपला सरकवल्या आणि कमलबाईंना घेऊन दारोदार फिरला. "सांगा रे, समदं खरं सांगा," असं प्रत्येक उंबऱ्याशी म्हणत होता. हवी होती त्याहून जास्तच घरं निघाली. कोण काय काम करतं, बायका कुठे राबतात, लेकरं किती, सगळं त्या लोकांनी हौसेनं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी विचारायला आलं होतं.

कमिटीत कागद ठेवले तेव्हा आबासाहेबांचा चेहरा खुलला. "शाब्बास! गड सर केलात."

"जूनमध्ये त्या मुलांना घ्यायचं ना?"

"साहेबानं घरं दाखवा म्हटलंय, मुलं आणा असं कुठे म्हटलंय?" आबासाहेब हसले. "घरं दाखवू. मुलांचं मागाहून बघू, जागा पाहून."

पुन्हा तीच जागा! कमलबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. तेवढ्यात यशवंत हिमायतनगरचा तक्ता वाचू लागला होता. वकील इतके, सरकारी नोकर इतके, पदवीधर इतके. "नोकरी करणाऱ्या स्त्रिया," तो थांबून म्हणाला, "एकही नाही."

"हे बाकी छान," आबासाहेब म्हणाले. "आपल्या बायकांना नोकरी करावी लागत नाही, हे साहेबाला कळू दे."

"यशवंत," कमलबाई म्हणाल्या, "मी कुठे आहे यात?"

यशवंतनं वर पाहिलं आणि त्याचे कान लाल झाले. "बाई, ते... आईच्या सांगण्यावरून केलंय."

"अगं, तू हळदीकुंकवाला कशी येशील?" कुसुमताई गोंधळून म्हणाल्या. "त्यात वाईट काय वाटून घ्यायचं?"

"आणि सासूबाई?"

यशवंतनं तक्ता उलटा करून ठेवला.

"आयोवात कोंबड्या मोजल्या म्हणे," कमलबाई म्हणाल्या. त्या उठल्या, टेबलावरचे वस्तीचे कागद उचलले, पिशवीत घातले आणि जिना उतरल्या. मागून आबासाहेब ओरडले, "शाळा बुडेल, बाई!" बुडू दे म्हणावं. त्या दिवशी आबिड्सच्या बाजारापर्यंत त्या पायी चालत गेल्या, आणि अंगात असं वारं होतं की ऊन लागलं नाही. कमिटीतल्या एकाचीही वस्तीत पाऊल टाकायची छाती झाली नाही. घरं कमी पडली ती पडलीच. उन्हाळ्यानंतर शाळेला कुलूप लागलं, आणि कमलबाई घरोघर शिकवण्या शोधत फिरू लागल्या.

असंच एकदा नामपल्लीला गेल्या असताना त्यांनी मालनबाईला सगळं सांगितलं. सांगताना आवाज जरा चढलाच. तुमच्यासाठी मी चुलीवर पाणी ओतून घेतलं, असं त्यांनी म्हटलं नाही, पण म्हटल्यासारखंच होतं.

मालनबाईनं सगळं ऐकलं. "म्हंजी तुमचं नाव त्यात नव्हतं?"

"नव्हतं."

"म्हणून तुमी आमचंबी काढून आणलं."

"मालनबाई, ते तुमची नुसती नावं वापरणार होते. मुलांना घेणार नव्हते!"

"घेणार नव्हतेच. ते काय आमाला कळत नव्हतं व्हय?" मालनबाईचा आवाज चढला नाही. "पर कागद सरकारात गेला असता. मग लेकरं घेऊन मी त्या दारात बसले असते. समदी वस्ती बसली असती. आमच्या नावावर साळा चालती म्हणून वकिलाच्या तोंडावर सांगितलं असतं, आन् बघितलं असतं कसा हाकलतो ते. तेवढं एक हातात आलं व्हतं, बाई. आन् या खेपेलाबी आमाला कुणी इचारलं न्हाई."

कागद अजून पिशवीतच होते, मुडपून चुरगळलेले. कमलबाईंनी ते काढले, मांडीवर सरळ केले आणि पुढे धरले.

मालनबाईनं हात पुढे केला नाही. "आता काय करू त्याचं?" ती म्हणाली, आणि सूप पुढे ओढून पुन्हा ज्वारी निवडायला लागली.