कोकिळेच्या मापाची खुर्ची

मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. नशिराबादजवळच्या एका निवासी शाळेच्या व्हरांड्यात माझा मुक्काम असतो. ज्यांचे हातपाय किंवा जीभ सांगितलेलं ऐकत नाही, अशी मुलं इथे राहून शिकतात. मित्रांनो, माझ्यावर आता कुणी बसत नाही. का, ते सांगते. गोष्ट गोड नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मी मूळची दवाखान्यातली, मोडीत निघालेली. जळगावच्या जब्बारभाईंनी आपल्या सायकलच्या दुकानात मला खोललं आणि शाळेसाठी, इथल्या कोकिळा नावाच्या मुलीच्या मापाने पुन्हा बांधलं. तिची पाठ डावीकडे कलायची, म्हणून त्या बाजूला जाड गादी लावली. पाय लोंबकळायचे, म्हणून खाली फळी ठोकली. "आता ही दुसऱ्या कुणाच्या कामाची नाही," ते म्हणाले. मला त्याचा केवढा गर्व वाटला!

कोकिळा साक्रीकडच्या एका खेड्यातली. शाळेत येईपर्यंत ती घरात गोधडीवर पडून असायची. जीभ जड, बोलणं कुणाला कळायचं नाही. नाव कोकिळा, म्हणून गावातल्या बाया तोंडाला पदर लावून म्हणायच्या, "नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा."

शाळेतल्या कुंदाबाई फार कडक. त्या घास भरवायच्या नाहीत. कोकिळेच्या हातात चमचा द्यायच्या आणि वरण सांडलं तर सांडू द्यायच्या. ते सगळं माझ्या अंगावर सांडायचं, पण मी कधी कुरकुरले नाही. पुढे ती आपल्या हाताने जेवू लागली. चाकं फिरवत स्वयंपाकघरात जाऊन शेंगा सोलू लागली.

आमच्या शाळेचा एक नियम आहे. मुलाला विचारल्याशिवाय त्याच्या खुर्चीला हात लावायचा नाही. लावलाच, तर मुलाने ओरडायचं आणि लावणाऱ्याने हात मागे घ्यायचा. कुंदाबाईंनी कोकिळेकडून तिच्याच बोलीतले दोन शब्द घोटून घेतले होते, "मनी खुर्ची!" म्हणजे माझी खुर्ची. परक्याला ती नुसती आरोळी वाटायची. आम्हाला मात्र स्वच्छ कळायचं. ती ओरडली की भलेभले पाहुणेसुद्धा हात मागे घ्यायचे, आणि मग तिची ऐट काय विचारता!

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिचे वडील रुपचंदभाऊ टेम्पो घेऊन आले. आखाजीला लेक माहेरी येते, झोके घेते, ही आमच्या खानदेशाची रीत. कोकिळा हरखून गेली. कुंदाबाई म्हणाल्या, "सुट्टी संपली की परत आणा हं भाऊ. तिला मसाल्याची पाकिटं बंद करायचं मशीन शिकवायचं आहे." रुपचंदभाऊंनी मान हलवली.

घरी झोका बांधलेला नव्हता. थोरल्या पुनमला बघायला पाहुणे येणार होते. "असी बहीन दखाई ते सोयरीक मोडी जाई," तिची आई भिकुबाई म्हणाली. दोघांनी कोकिळेला माझ्यावरून उचललं, गोठ्यातल्या चाऱ्याच्या खोलीत नेऊन ठेवलं आणि कडी लावली. मी ओसरीवर राहिले.

नवरदेवाच्या आजोबांचे गुडघे धरलेले होते. रुपचंदभाऊंनी चटकन मला पुढे ओढलं. "बसा आबा, तुमनासाठे आनेल शे." आबांना डावीकडची गादी टोचली, तेव्हा रुपचंदभाऊंनी ती स्वतःच्या हाताने उपटून काढली. माणूस किती मायाळू, असं पाहुणे एकमेकांना म्हणाले.

माझी चाकं करकरतात. तो आवाज कोकिळेने भिंतीपलीकडून ओळखला.

"मनी खुर्ची!" ती ओरडली. पुन्हा ओरडली. मग थांबेचना.

"कोन वरडी ऱ्हायनं?" आबांनी विचारलं.

पुनमने चहाचा ट्रे आबांपुढे धरला. भिकुबाईने पदर सावरला. "वासरू शे, आबा. माय चराले गयी, म्हनीसन हंबरी ऱ्हायनं."

आबा हसले. चहा झाला, सोयरीक जमली. गोठ्यातला आवाज हळूहळू बसत गेला. मित्रांनो, पोरीने शिकवल्याप्रमाणे सगळं बरोबर केलं होतं. मला त्या दिवशी हात असते, तर मी ती कडी उखडून टाकली असती.

शाळा उघडल्यावर रुपचंदभाऊ आले. मला स्वच्छ धुऊन आणलं होतं. "दुसरानी वस्तू घरमा ठेवाले नको, पाप लागस," ते म्हणाले.

कुंदाबाईंनी टेम्पोत वाकून पाहिलं. "आणि कोकिळा?"

"पोर ते मनी शे, मॅडम. तिनं काय करानं ते मी दखसू."

कुंदाबाई त्यांच्या गावी जाऊन आल्या. मुलगी मामाकडे गेली, असं त्यांना उंबऱ्यावरूनच सांगण्यात आलं. त्या अजूनही जातात. दर वेळी कोकिळा मामाकडेच असते.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुमच्याकडे तेलपाणी मागतात. मला ते मिळतं. कुंदाबाईंनी गादीसुद्धा नवी शिवली. माझं मागणं वेगळं आहे. तुम्ही कुठे पाहुणे म्हणून गेलात आणि घरामागून आवाज आला, तर कप खाली ठेवा आणि उठून गोठ्यात बघून या. वासरू असेल, तर त्याला चार काड्या टाका. नसेल, तर कडी काढा आणि तिला सांगा, तिची खुर्ची व्हरांड्यात आहे, आणि तिला विचारल्याशिवाय इथे कुणी त्या खुर्चीवर बसलेलं नाही.