गिरणीवाल्याचे कान

माले गावात वाल्मीकची भाताची गिरणी होती. अठरा वर्षं त्या धडधडाटात उभं राहून त्याचे कान अधू झाले होते, पण ते सांगायची त्याला लाज वाटे. कुणी काही बोललं, की तो हसून "व्हय, व्हय" म्हणायचा. अठ्ठ्याहत्तर साली गावातल्या किसनने गिरणीत येऊन त्याला स्वतःचा भाऊ वारल्याचं सांगितलं, तेव्हाही तो तसाच हसला. किसन संतापून निघून गेला.

वाल्मीकची बायको रंभाबाई धावत जाऊन किसनला परत घेऊन आली आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाली, "ह्यांला कमी ऐकू येतंय, भाऊजी. त्यात लपवायचं काय? समोर उभं राहून सावकाश बोला."

वाल्मीकला मेल्याहून मेल्यासारखं झालं. किसन पुढ्यात येऊन पुन्हा बोलला. या वेळी वाल्मीकला कळलं. त्याने किसनचे दोन्ही हात धरले आणि त्याच्या डोळ्यांना पाणी आलं.

रंभाबाईने त्याला पुण्याला डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "गेलेलं परत येणार नाही, पण उरलेलं जपता येईल." त्यांनी गिरणी चालू असताना कानात घालायची रबरी बुचं दिली. रंभाबाईने स्वतःसाठीही एक जोड मागून घेतला. तान्ही पोरं घेऊन आलेल्या बायांना ती आता गिरणीबाहेरच बसवू लागली.

वाल्मीक तिच्याकडे बघतच राहायचा. अठरा वर्षांत त्याला जे जमलं नव्हतं, ते या बाईने एका वाक्यात केलं होतं. आता नवं गिऱ्हाईक आलं, की तोच आधी सांगायचा, "जरा समोर येऊन बोला. मला कमी ऐकू येतंय."