सहदेवकाकांच्या खिशातली स्ट्रिप

मित्रांनो, मी गोळ्यांची एक रिकामी स्ट्रिप आहे. स्वतःबद्दल सांगताना मान वर होत नाही, तरी सांगते.

माझ्या गोळ्या आतड्यातल्या जंतूंवर काम करतात. ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी सहदेवकाकांना त्या लिहून दिल्या, तेव्हा नीट बजावलं होतं, "काका, तुमचं लिव्हर थकलंय. आतड्यातलं विष रक्तातून डोक्यात जातं आणि माणूस भ्रमिष्ट होतो. ही गोळी सकाळ-संध्याकाळ घ्यायचीच."

काका मानपाड्याच्या एका कंपनीतून रिटायर झालेले. बुद्धविहारात वंदना तेच घ्यायचे, एक शब्द चुकत नसे. त्यांच्या शर्टाच्या खिशात मी ऐटीत राहू लागले.

एकदा शेजारचा मयूर आला. "काका, चायनीज खाल्लेलं, पोटाची वाट लागलीय. काय आहे का?"

"घे रे, मोठ्या डॉक्टरांची गोळी आहे."

दुसऱ्या दिवशी त्याचे जुलाब थांबले. तसे ते नुसतं मीठ-साखरेचं पाणी पीत राहिला असता तरी आपोआप थांबले असते, पण नाव माझं झालं. चाळभर झालं. मी फुशारले. आता ते आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं. चाळीतल्या हेमांगीताईंनीही गोळी नेली; त्यांना तर ताप होता, शौचातून रक्त पडत होतं. असल्या दुखण्यात माझा उपयोग नसतो. माझ्या भरवशावर त्या घरीच बसल्या आणि शेवटी ॲडमिट झाल्या. शिवाय एखाद-दुसरी गोळी खाऊन सगळे जंतू मरत नाहीत, उरलेले निर्ढावतात.

काकांना कुणालाच नाही म्हणता येईना. मी वेळेआधी संपले. नवी स्ट्रिप मागितली तर शेवंतीकाकू ओरडतील म्हणून ते गप्प राहिले, गोळी घेतल्यासारखं दाखवत राहिले.

पौर्णिमेला विहारात वंदना सुरू झाली आणि काका मधेच अडले. हात थरथरत होते. काकू धावल्या, "अहो, काय होतंय?"

"बाई, तुम्ही कोण?" काकांनी विचारलं.

मयूरने त्यांना रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं. खाटेशी बसून तो रडू लागला. काका त्याला ओळखत नव्हते, पण पोरगा रडतोय एवढं त्यांना कळलं.

"पोट दुखतंय का रे? थांब, गोळी देतो," म्हणत त्यांनी खिसा चाचपला. बोटांना मी लागले, रिकामी. मला लाजेने तोंड लपवावंसं वाटलं.

मित्रांनो, औषध ज्याच्या नावाने लिहिलंय, त्याच्यापाशीच राहू द्या. सहदेवकाकांसारखा माणूस मागितल्यावर नाही म्हणत नाही. तुम्हीच मागू नका.