मागे पडलेला हात

सारिकाने महिपती आबांना जे सांगितलं ते सगळ्यांच्या देखत सांगितलं, हेच तिला आता खात होतं. एकट्याला गाठून सांगितलं असतं तर म्हाताऱ्याची अब्रू निदान झाकली तरी असती. पण भाजे गावच्या भजनी मंडळाची आठ माणसं तिच्या खोलीत दाटीवाटीने बसलेली असताना तिने कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "आबा, तुमचा हात मागं पडतोय. हे बघा, दिसतंय."

आबा नात्याने तिचे चुलत आजोबा. मंडळाचा पखवाज बेचाळीस वर्षं त्यांच्या मांडीवर. हौशीराम बुवा गाता गाता भलतीकडे निघाले की आबा दोन थापांत त्यांना वळवून आणत. अशा माणसाला नावं ठेवायला गावात कुणाची जीभ रेटली नसती. सारिकाची रेटली, कारण चार व्हिडिओ बघून ती रेकॉर्डिंगमधली शहाणी झाली होती आणि तिच्याकडे पुरावाही होता.

पद्धतही तिचीच. आधी पेटी आणि बुवांचं गाणं घ्यायचं, मग ते हेडफोनवर ऐकत आबांनी एकट्याने पखवाज वाजवायचा. आबांनी धुमेवर, पखवाजाच्या डाव्या तोंडावर, कणीक थापली, पाण्याचा हात लावला, सूर बघितला आणि सुरुवात केली. पहिल्याच आवर्तनात हात अडखळला. त्यांनी एका कानावरचा हेडफोन बाजूला सारला. "काढू नका आबा, नीट ऐका," म्हणत सारिकाने तो परत बसवला. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा सारला, हिने पुन्हा बसवला. सहा वेळा वाजवून घेतलं आणि सहाही वेळा पडद्यावर थापेची रेघ गाण्याच्या मागे पडली.

आबांनी चष्मा पुसून पडद्याकडे बघितलं. "मशीन कशाला खोटं बोलंल," एवढंच म्हणाले आणि नखाने कणीक खरवडून काढायला लागले.

पुढच्या रविवारी पखवाजाला बुवांचा पुतण्या सत्यम आला. नवलाख उंबरे गावच्या कारखान्यात पाळीवर जायची त्याला घाई, म्हणून सारिकाने सगळ्यांना एकदमच बसवलं आणि एका दमात भजन घेतलं. झकास झालं. गावाच्या ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. मग दर गुरुवारी देवळातही पखवाज सत्यमकडेच जायला लागला. आबा काही दिवस मागे बसून टाळ वाजवत होते. पुढे ते देवळात यायचेच बंद झाले. गुडघे दुखतात म्हणाले, आणि सारिकाने ते सोयीस्करपणे खरं मानलं.

तीन महिन्यांनी कोमल नावाची मळवलीची एक कॉलेजातली मुलगी गाणं रेकॉर्ड करायला आली. हेडफोन लावून दोन ओळी गायली आणि थांबली. "ताई, माझाच आवाज मला उशिरा ऐकू येतोय," म्हणाली.

सारिकाला आबांनी पुन्हा पुन्हा बाजूला सारलेला हेडफोन आठवला. कोमलला चहा देऊन तिने बाहेर बसवलं. कॉम्प्युटरवर ठोक्याची टिकटिक लावली, स्पीकरसमोर माइक धरला आणि मशीनचीच टिकटिक मशीनला रेकॉर्ड करायला लावली. ती मागे पडली. पुन्हा घेतली, तरी तेवढीच मागे. मशीनला काही म्हातारपण आलं नव्हतं.

आता तिला सगळं उमगलं. सुरुवातीला आवाजात खरखर यायची, म्हणून तिने बफरचा आकडा भसकन वाढवून ठेवला होता. बफर म्हणजे मापटं, कॉम्प्युटर आवाज त्याने मोजून घेतो. मापटं भरलं की ओततो. मोठं मापटं दिलं की खरखर जाते, पण भरायला वेळ लागतो. आबांना स्वतःचीच थाप उशिरा ऐकू येत होती, म्हणून ते अडखळत होते. त्यात वेळेवर पडलेली थापही मशीन पडद्यावर मागे नेऊन ठेवत होतं. सत्यमच्या कानावर हेडफोनच नव्हता, आणि सगळं एकदम घेतल्यामुळे मागे पडलं तरी सगळं मिळूनच पडलं. तिने आकडा उतरवला, माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीबरोबर आलेला ड्रायव्हर प्रोग्रॅम टाकला, आणि कॉम्प्युटरची वाट न बघता आवाज थेट कानात देणारं डबीवरचं बटण दाबलं. टिकटिक टिकटिकीवर येऊन बसली. सारं मिळून दहा मिनिटांचं काम, आणि त्यापायी तिने एका माणसाला देवळातून उठवलं होतं. तिला स्वतःची किळस आली.

सारिका गेली तेव्हा आबा आपल्या घराच्या ओट्यावर पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते. तिने सगळं सांगितलं, मापट्यासकट. ते सोलतच राहिले.

"तवाच मला ठावं व्हतं," शेवटी ते म्हणाले. "हात बराबर पडत व्हता. पर तू शिकल्याली, म्हनलं पोरीला बराबर दिसत आसंल. माज्या हातापरीस तुजं खरं धरलं."

तिला रडू आलं. माफ करा म्हणाली. आबांनी मान वर केली नाही. "हितं मला एकट्याला नगं सांगू," म्हणाले. "चारचौघांत बोललीस, तितंच सांग."

गुरुवारी संध्याकाळी देवळात तिने उभं राहून सांगितलं. चूक माझी होती, आबांचा हात कधीच मागे पडला नव्हता. सत्यम आपण होऊन उठला आणि त्याने पखवाज आबांपुढे ठेवला. बुवांनी अभंग धरला.

आबांनी हात उचलला आणि तो हवेतच क्षणभर थबकला, जणू कुठून तरी होकार यायचा होता. थाप उशिरा पडली. इथे हेडफोन नव्हता, कॉम्प्युटर नव्हता. ती खरोखरच उशिरा पडली. बुवांनी गाण्याची लय थोडी सैल केली. दुसऱ्या आवर्तनातही तेच. तीन महिने घरात बसून आबा स्वतःच्या हाताकडे संशयाने बघायला शिकले होते.

त्यांनी बुवांकडे बघितलं नाही, सारिकाकडे बघितलं. "बराबर पडली का?" नुसते ओठ हलले.

सारिकाने मान डोलावली. आबा पुढे वाजवू लागले आणि दर समेला तिच्याकडे बघत राहिले. ती दर वेळी मान डोलावत राहिली.