द्राक्षांनी भरलेली अधोली

मी एक जुनी अधोली आहे. अधोली म्हणजे धान्य मोजायचं पितळी माप. मित्रांनो, तुम्ही पिशवीवरचा आकडा वाचून तांदूळ घेता, म्हणून हे सांगावं लागतं; नाहीतर मला ओळख सांगायची सवय नाही.

नाशिकच्या एका तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं. मार खाल्ला म्हणूनच आकार आला. घरातला सगळा तांदूळ माझ्यातून जाई. पण माझा खरा मान लग्नाच्या दिवशी. नवी सून दारात आली की मला तांदळानं भरून उंबरठ्यावर ठेवत. ती उजव्या पायानं मला लवंडी आणि घरात येई. या घरची सून होऊन आलेल्या प्रमोदिनीनं तर असा पाय मारला, की मी थेट देवघराच्या भिंतीवर आदळले. सासू म्हणाली, "अगं, घरात येतेयस की घर पाडतेयस?" तेव्हाचा पोचा अजून माझ्या पोटावर आहे. मिरवते मी तो.

२०११ साली प्रमोदिनी मुलाकडे न्यूझीलंडला, पापाकुराला राहायला आली. मलाही आणलं. माझ्या पोटात एखादा दाणा तर नाही ना, हे विमानतळावरच्या साहेबानं बॅटरी मारून पाहिलं. दाणा नव्हता. पुढे तर पाच वर्षं नव्हता! मला चपलांच्या कपाटावर ठेवलं आणि माझ्यात गाडीच्या किल्ल्या टाकल्या. खाली जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, वर मी. शेजार पाहा माझा!

मग २०१६ च्या फेब्रुवारीत पापाकुराचं आमचं मराठी मंडळ ब्राझीलच्या दक्षिणेला, द्राक्षांच्या डोंगराळ मुलखात निघालं. या वर्षी आपण तिथल्या मळेवाल्यांकडे, पुढच्या वर्षी ते पापाकुराला, असं ठरलेलं. तिथे आपल्या लग्नाचा देखावा करायचा होता, म्हणून किल्ल्या ओतून मला चिंचेनं घासलं. इतक्या वर्षांनी अंगाला चिंच लागली. रडूच यायचं बाकी होतं.

गावोगाव मळे पाहत आम्ही शेवटी झेलिंदाआजींच्या घरी उतरलो. त्यांचे पूर्वज इटलीहून बोटीनं आलेले. त्यांच्याकडची रीत अशी, की पाहुण्यांनी लाकडी टाकीत अनवाणी उतरून पहिली द्राक्षं तुडवायची.

"अन्नाला पाय?" प्रमोदिनी म्हणाली. "जीव गेला तरी लावणार नाही!"

तिची नात वल्लरी हिनं ते इंग्रजीत सांगितलं, आजींच्या नातीनं पोर्तुगीजमध्ये. आजींचा चेहरा उतरला. "आमच्या टाकीत जे उतरत नाहीत, त्यांच्या दारी आम्ही कशाला जायचं?" झालं. पुढच्या वर्षीचं येणं मोडल्यातच जमा. मंडळी खाली माना घालून बसली.

संध्याकाळी अंगणात देखावा झाला. वल्लरी नवरी. ती कुजबुजली, "आजी, हार्ड मारू की सॉफ्ट?"

"हळू गं बाई, हळू!"

पण नात कुणाची? मी गडगडत झेलिंदाआजींच्या खुर्चीपाशी गेले. अंगणभर तांदूळ. आजींनी मला उचललं आणि विचारलं, "मग हे अन्न नाही वाटतं?"

"तो पाय लावणं नव्हे," प्रमोदिनी ठसक्यात म्हणाली. "ते घरात येणं आहे."

"आमच्याकडे तरी वेगळं काय आहे?"

प्रमोदिनी पदर खोचून सांडलेले तांदूळ वेचू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पाय स्वच्छ धुतले. मला काळ्या द्राक्षांनी काठोकाठ भरलं, टाकीच्या वरच्या पायरीवर ठेवलं, हळदीकुंकू वाहिलं. द्राक्षांना हात जोडले. मग उजव्या पायानं मला टाकीत लवंडलं आणि लुगडं सावरत स्वतः उतरली. पहिल्या पावलालाच रस असा उडाला, की झेलिंदाआजी ओरडल्या. नातीनं अर्थ सांगितला: "अहो हळू, टाकी फोडाल!"

प्रमोदिनी इतकी हसली, की डोळ्यांना पदर लावावा लागला. सासूची आठवण झाली असणार.

पुढच्या वर्षी झेलिंदाआजी पापाकुराला आल्या. उंबरठ्यावर मी होते, तांदळानं भरलेली. वल्लरीनं हात धरला आणि आजींनी पाय मारला. म्हातारीच्या पायात एवढा जोर!

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा म्हणतात, म्हणून मला काचेच्या कपाटात बसवू नका. किल्ल्या तर मुळीच नकोत. चिंचेनं घासा, शिगोशीग भरा आणि कुणी दारी आलं की उंबरठ्यावर ठेवा. पोचे पडले तर पडू द्या. माझ्या पोटावर आता दोन आहेत, आणि तिसऱ्याला जागा आहे.