या दुकानात मूल रडत नाही

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. केस कापायच्या दुकानात मोठ्यांच्या खुर्चीच्या दोन हातांवर मला आडवी टाकतात आणि माझ्यावर लहान मुलाला बसवतात, म्हणजे त्याचं डोकं आरशात दिसतं. तुम्हीही कधीतरी माझ्यासारख्या फळीवर बसला असाल. आठवत नसेल, तर आठवायच्या भानगडीत एवढ्यात पडू नका.

माझा जन्म काही थोर नाही. एक सुतार कुणाच्या तरी कपाटाचे कप्पे कापत होता, त्यातला एक आखूड झाला. तो आखूड कप्पा म्हणजे मी. सुताराने स्वतःच्या कपाळावर हात मारला आणि मला कोपऱ्यात भिरकावलं. शेजारी केस कापायचं दुकान होतं. तिथले काका सहज डोकावले, मला उचलून घेऊन गेले आणि खुर्चीच्या हातांवर ठेवून म्हणाले, "वा! जणू हिच्यासाठीच खुर्ची केली होती." मग माझ्यावर स्पंज आला, त्यावर लाल रेक्झिन आलं, कडेने पिवळे खिळे आले. खालची बाजू मात्र कोरं लाकूडच राहिली. जे कुणाला दिसत नाही, त्याला कोण नटवतो?

काकांची ख्याती फार मोठी. हसरा चेहरा, स्वच्छ पांढरा डगला, लोण्यासारखा हात. भिंतीवर त्यांनी केस कापलेल्या मुलांचे फोटो लावलेले. त्या फोटोंतलं एकही मूल रडत नाही. हसतही नाही, पण ते कुणाच्या लक्षात येत नाही. लांबून लांबून लोक मुलांना घेऊन यायचे आणि एकमेकांना सांगायचे, "या दुकानात मूल रडत नाही. काकांच्या हातात जादू आहे."

ती जादू मी सगळ्यात जवळून पाहिली आहे. मूल हललं की काका खाली वाकायचे. मागच्या बाकावरच्या मंडळींना वाटायचं, काका त्याला गोष्ट सांगतायत. काका कात्रीची थंडगार पाठ मुलाच्या कानामागे टेकवायचे आणि अगदी मायेने म्हणायचे, "ती कप्प्यातली बरणी दिसते का, राजा? तिच्यात काय आहे, सांगू? हलणाऱ्या मुलांचे कान."

बरणीत जर्दाळू होते. सुकलेले, तपकिरी, कडेला दुमडलेले. काकांचं पोट साफ राहत नसे, म्हणून ते खायचे. केस कापून झाले की एक काढायचे, तोंडात टाकायचे आणि आरशातून मुलाकडे बघत सावकाश चावायचे. "काका तब्येतीला किती जपतात नाही," असं आई-बाप कौतुकाने म्हणायचे.

मूल रडायचं नाही हे खरंच. ते माझी कड घट्ट धरायचं. बोटं खाली वळायची आणि नखं कोऱ्या लाकडात रुतायची. माझी वरची बाजू आजही लाल आणि गुळगुळीत आहे. खालून मला कुणी पाहिलंच नाही.

मला काकांचा राग येतो, तो येणारच. पण त्याहून जास्त राग मागच्या बाकाचा येतो. जे मूल घरी अंघोळीच्या वेळी घर डोक्यावर घेतं, ते इथे दगडासारखं बसतं, आणि जन्मदात्यांच्या मनात शंकेची पालसुद्धा चुकचुकत नाही. उलट ऊर भरून येतो. शांत मूल दिसलं की मोठी माणसं प्रश्न विचारणं सोडून देतात.

एक मुलगा होता. घरचेच त्याला भोंगा म्हणायचे, इतका तो रडायचा. दुकानात शिरायच्या आधी त्याचा आवाज शिरला. काका वाकले. भोंग्याचं रडणं अर्ध्यावर तुटलं, आणि मी वरून ओली झाले. काकांनी मला पुसलं आणि त्याच्या वडिलांना म्हणाले, "असू द्या हो. लहान आहे, होतं असं." वडिलांना तर काका देवमाणूसच वाटले. भोंग्याने त्या दिवशी माझ्या डाव्या कोपऱ्याखाली खोल चर पाडला. पाय जमिनीला टेकेपर्यंत तो येत राहिला आणि दर वेळी त्याची बोटं त्याच चरात जाऊन बसायची. पुढे पुढे कुणी नुसता आवाज चढवला, तरी त्याचा हात डाव्या कानाकडे जायचा.

मग दुकानात पायाने वरखाली होणारी खुर्ची आली आणि माझी रवानगी दाराआड झाडूच्या शेजारी झाली. कापलेले केस, धूळ आणि अंधार. खोटं कशाला बोलू, मला ते दिवस बरे वाटले. पण त्या खुर्चीचा पंप बिघडला. मूल बसलं की ती आपोआप खाली जायची, आणि अर्धवट केस कापलेलं पोर आरशातून हळूहळू नाहीसं व्हायचं. लोक हसायला लागले, तेव्हा काकांना माझी आठवण झाली.

परवा सकाळी भोंगा आला. आता तो बाप झाला आहे. एका हाताला तीन वर्षांची मुलगी, मागे बायको, तिच्या कुशीत नवं बाळ. दोघांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्याने काकांचा हात दोन्ही हातांत धरला आणि बायकोला म्हणाला, "हेच ते काका. मी एवढा भोंगा, पण इथे कधी रडलो नाही, बघ. लहानपणीची माझी सगळ्यात छान आठवण म्हणजे हे दुकान. तो पावडरचा वास, ही लाल फळी!"

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरोखर तेवढंच आठवत होतं. काकांनी बरणी पुढे केली तर म्हणाला, "नको काका, जर्दाळू मला लहानपणापासून जात नाहीत. का कोण जाणे."

मुलगी नुसती बडबडत होती. "बाबा, ही कुणाची?"

"तुझ्यासाठीच आहे. बस."

"मी बसले तर हिला दुखेल?"

इतक्या मुलांमध्ये मला हे कुणी विचारलं नव्हतं. सरळ सांगते, ती मला फार आवडली.

"काका, बाळ आल्यापासून हिने डोकं उठवलंय," भोंगा म्हणाला. "बाळाचा जरा डोळा लागला, की ही किंचाळायला लागते. आम्ही झोपलोच नाही आहोत हो."

"लहान आहे ती," बायको म्हणाली. "आम्ही तिच्या वाट्याला येत नाही, म्हणून ओरडते."

"बसू दे माझ्याकडे," काका म्हणाले. "शहाण्यासारखी बसेल."

केसांवर गार पाणी उडालं आणि मुलगी किंचाळली. बाळ दचकून उठलं. आई त्याला थोपटत बाहेर फुटपाथवर गेली. मग काका वाकले.

मुलीचं ओरडणं थांबलं. माझ्या कडेखाली छोटी छोटी नखं आली.

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "घरी जाऊ या."

भोंगा उठून जवळ आला. तिच्याकडे वाकताना त्याने माझ्यावर हात टेकला आणि त्याची बोटं सवयीने कडेखाली वळली. एक बोट बरोबर त्या जुन्या चरात गेलं.

त्याने आरशात पाहिलं, मग बरणीकडे, मग काकांकडे. दुसरा हात डाव्या कानाकडे गेला. त्याला सगळं आठवलं होतं, मित्रांनो. काकांनाही ते आरशात दिसलं, कारण त्यांची कात्री थांबली.

आयुष्यात पहिल्यांदा मला आशा वाटली. काही मोठं करायचं नव्हतं. फक्त तिच्या काखेत हात घालून तिला माझ्यावरून उचलायचं होतं. तिने तर त्याच्याकडे हातसुद्धा वर केले होते.

तेवढ्यात बायको दारात आली. बाळ तिच्या खांद्यावर पुन्हा झोपलं होतं. "अगं बाई, ही गप्प कशी काय झाली?"

दुकानात अगदी शांतता होती. भोंग्याने ती ऐकली. किती तरी दिवसांत त्याच्या कानांवर अशी शांतता पडली नसावी. मग त्याने मुलीचे हात खाली करून माझ्यावर ठेवले.

"काकांची कमाल," तो म्हणाला आणि बाकावर जाऊन बसला.

केस कापून झाले. भिंतीसाठी फोटो निघाला. निघताना मुलीने बाबांचं बोट धरलं नाही, आईच्या ओढणीत तोंड लपवून ती बाहेर गेली. भोंगा मागे रेंगाळला. इकडे तिकडे बघत त्याने खालच्या आवाजात विचारलं, "काका, हे घरीसुद्धा चालतं का?"

"चालतं की!" काका हसले. त्यांनी कागदाच्या पुडीत मूठभर जर्दाळू बांधून त्याच्या हातात दिले. "बरणी मात्र काचेची घे. उंचावर ठेव, पण तिला दिसेल अशी."

त्याने पुडी खिशात घातली.

मित्रांनो, मला ओल्या फडक्याने पुसू नये, लाकूड फुगतं. खिळा वर आला तर ठोकावा. एवढी काळजी काकाही घेतात. माझं मागणं वेगळं आहे. उद्या तुम्ही आई-बाप व्हाल. तुमचं बोलकं मूल कुठे अचानक शहाण्यासारखं बसलं, तर कौतुक करण्याआधी ते बसलंय त्या जागेखालून एकदा हात फिरवा. हाताला ओरखडे लागले, तर त्याला उचलून घ्या. नुसते लागून उपयोग नाही. भोंग्याच्याही हाताला लागले होते.