मानाचा स्पीकर

भेंडीच्या वाफ्यांना पाणी सोडून महिपत बांधावर टेकला होता. वैशाखाचं ऊन सकाळीच टाळू भाजत होतं. कितीही पाणी सोडलं तरी जमिनीची तहान काही भागत नव्हती. एवढ्यात शेजारच्या सखारामच्या मांडवातून ‘हॅलो, चेक, हॅलो’ असं ऐकू आलं आणि पाठोपाठ असा दणका बसला की बांधावरच्या साळुंक्या भुर्र उडाल्या आणि महिपतच्या हातातलं खुरपं गळून पडलं.

“झालं सुरू,” तो दात खाऊन म्हणाला. सखारामच्या लेकीची, निशाची आज हळद होती.

महिपतची सारी नोकरी ठाण्यात वागळे इस्टेटला प्रेस मशिनवर गेली आणि राहणं वर्तकनगरला, तेही रस्त्यावरच्या खोलीत. कान जन्मभर कुटून निघालेले. निवृत्त झाल्यावर त्याने एकच धोशा लावला, मला शांतता पाहिजे. मुलगा सूरज घोडबंदर रोडला आपल्याकडे या म्हणत होता, तरी याने खोली विकून कल्याणच्या पलीकडे, मुरबाडच्या अंगाला या गावात दोन खणांचं घर आणि तुकडाभर जमीन घेतली. आल्यापासून भेटेल त्याला अडवून तो शांततेचं कौतुक सांगायचा, आणि तेही एवढ्या मोठ्याने की शांतताच बिचारी कुठे पळून जायची.

त्याची बायको मालन मात्र अट घालून आली होती. पावसाळ्याच्या आत जीव रमला नाही तर ती सूरजकडे जाणार, तुम्ही बसा इथे. आणि जीव रमत नव्हता. वर्तकनगरात जिन्यात उभ्या उभ्या दुपार घालवणारी बाई इथे कोंबड्यांशी बोलायला लागली होती. गावातल्या बाया बोअरिंगवर भेटल्या की हसायच्या, पण घरी कुणी फिरकत नव्हतं. परवाच तिने कपाटावरची बॅग काढून पुसून ठेवली. महिपतने ती पाहिली. बायकोशिवाय शांतता घेऊन करायचं काय, हे त्याला कळत होतं, पण बोलून दाखवील तर तो महिपत कसला.

दुसरा दणका बसला तसा तो तरातरा मांडवात गेला.

“सखारामभाऊ, तुमचा स्पीकर फार मोठा लागलाय. आमच्या भिंती हादरतात हो. आवाज जरा कमी करा.”

सखारामचा चेहरा पार उतरला. शेजारी त्याची म्हातारी आई आवडाबाई तांदूळ पाखडत होती, तिचं सूप जागच्या जागी थांबलं.

“मी बोलली व्हती तुला,” ती लेकाला म्हणाली, “पोराचे हाती पत्रिका नको धाडू, सोता जा. आता घे.”

“दादा, चूक झाली आमची,” सखाराम हात जोडून म्हणाला. “तुमी घरा जावा. मी बघतो काय करायचं ते.”

आणि खरंच, आवाज बंद झाला. महिपत छाती पुढे काढून घरी आला.

“नीट समजावून सांगितलं की माणसं ऐकतात, बघ. एका शब्दात काम झालं.”

“लोकांच्या पोरीची हळद,” मालन म्हणाली, “आणि तुम्ही जाऊन गाणी बंद करून आलात. आता तर कुत्रं फिरकायचं नाही आपल्या दारात.”

महिपत भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. शांतता भरपूर होती, पण त्याला झोप लागली नाही.

उन्हं कलली तेव्हा अंगणात गलका ऐकू आला. तो बाहेर येऊन बघतो तर पुढे धुतलेल्या टोपीतला सखाराम, हातात नारळ. त्याच्यामागे हळदीकुंकवाचं ताट घेतलेली आवडाबाई. आणि तिच्यामागे चार गडी, पुरुषभर उंचीचा स्पीकर खांद्यावर घेऊन घामाघूम झालेले.

महिपतला ठाऊक नव्हतं ते असं. या गावात हळदीच्या आवाजाची तक्रार आजवर फक्त मान न मिळालेल्या माणसाने केली होती. सखारामचा सख्खा चुलता एका लग्नात असाच कानावर हात ठेवून बसला होता, यजमान घरी येऊन पाया पडेपर्यंत. नुसत्या आवाजाचा कुणाला त्रास होतो, हे गावाने कधी ऐकलंच नव्हतं.

“पत्रिका पोराचे हाती धाडली, तुमाला राग आला. येनारच,” सखारामने त्याच्या हातात नारळ दिला. “आनि सगले स्पीकरचे बॉक्स लावले गावाचे बाजूला, तुमचे आंगाला एक बी नाय. ते पन आलं माजे ध्यानात. म्हनून ह्यो सगल्यात मोठा, तुमचे दारात.”

“अहो भाऊ, मी खरंच आवाज कमी करा म्हणत होतो.”

“मोठे मनाचा मानूस असाच बोलतो, दादा. पन गाव आमाला काय बोलेल?”

मालन पदर तोंडात कोंबून हसत होती. आवडाबाईने तिला कुंकू लावलं आणि हात धरला.

“मालनबाय, चल निशाला हलद लावायला. आमी कवापासून तुजेकडं यायचा बोलतो, पन तुजा नवरा सगल्यांना सांगतो का त्याला शांतता लागते. म्हनलं, कशाला जावा तरास द्यायला.”

मालनचं हसू थांबलं. तिने नवऱ्याकडे असं पाहिलं की महिपतने चटकन स्पीकरकडे नजर वळवली. इतके दिवस घर ओस होतं ते त्याच्या तोंडामुळे. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी गाणी लागली. अंगणात मानाच्या स्पीकरपुढे मानाची खुर्ची, आणि खुर्चीत महिपत. छातीच्या फासळ्या ठेक्यावर थडथडत होत्या, ताटातला भात हलत होता. जो तो येऊन विचारत होता, “दादा, बरोबर येतो ना आवाज?” समोर मांडवात बायांच्या गराड्यात मालन नाचत होती. दोन्ही गाल पिवळे, पदर खोचलेला. इथे आल्यापासून ती अशी हसलेली त्याने पाहिली नव्हती. महिपतचे डोळे भरून आले, आणि कान तर कधीच गेले होते.

एक गाणं संपलं, तेवढ्यात ती धापा टाकत आली.

“सूरजला फोन करून सांगा, आई काही येत नाही म्हणावं. उद्या आवडाबाईकडे पापड लाटायचेत, मग या सगळ्याजणी आपल्याकडे येणार.”

पाठोपाठ सखाराम आला, हसऱ्या तोंडाने.

“दादा, ये महिन्यात गावात अजून हलदी हायेत. मी सगल्यांना बजावलंय, येक बॉक्स दादांचे आंगनात पायजेच. जनरेटरपासून वायर तेवढी लांब खेचाया लागेल.”

महिपतने तोंड उघडलं. मालन त्याच्याकडे बघत उभी होती.

“वायर कशाला खेचता एवढी?” तो म्हणाला. “आमच्या बोर्डातनं घ्या ना.”